येऊर, तीन रविवार आणि एक कोशिंब

भाच्याने ऑक्टोबरात अमेरिकेतल्या व्हरमाँटहून लाल मेपलचे फोटो पाठवले, तेव्हापासून डोक्यात भुंगा होता की आपलीही पानगळ टिपायची. फेब्रुवारीतल्या एका रविवारी टीएमटीच्या बसने ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर गाठला. वर सगळं तपकिरी. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती आणि घोडबंदरचे टॉवर धुरकटात बुडाले होते. शंभरेक फोटो काढले, घरी येऊन पुसले.

मार्चमध्ये पुन्हा गेले, तर वळणावर अख्खं झाड लालभडक! हीच पानगळ, असं वाटून पाटोणापाड्याकडून येणाऱ्या एका आजींना विचारलं. त्या हसल्याच. "गळतंय कुठे? कोशिंब आहे तो. पालवी फुटलीय. थोड्या दिवसांत हिरवा होईल."

म्हणजे मेपलचं पान गळताना लाल होतं, कोशिंबाचं फुटताना. रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन. कोवळ्या पानाला ते कडक उन्हापासून सांभाळतं.

पण मी पोचले होते अकराला, ऊन कडक झाल्यावर. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसलेला फोटो घरी मोठा करून पाहिला तर नुसता लाल डाग, शिरांचा पत्ता नाही. कॅमेऱ्याचा मीटर एकूण उजेड मोजतो. त्यात एकटा लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन तपशील कधी पुसला गेला ते कळतच नाही. लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) वेगळे बघायला हवे होते. शिवाय चकचकीत पानांवर उन्हाचे पांढरे ठिपके.

आजींचे शब्द आठवून पुढच्याच रविवारी पळाले. बिबट्यांचं जंगल, म्हणून नीट उजाडू दिलं. सूर्य पानांमागे घेतला, लाल उतू जाऊ नये म्हणून एक्सपोजर उणे 0.7, म्हणजे फोटो जरा गडद, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून डेलाइटवर, कारण ऑटो हा लाल रंग 'सुधारून' फिका करतो. बाजूने ऊन आलं तेव्हा लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावला. सूर्याशी काटकोनात उभं राहिलं की तो पानांची चमक छान कापतो, पण दीडेक स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेडही खातो. त्यात वाऱ्याने पानं हलत होती. शेवटी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800 करून शटर 1/250 सेकंदावर आणलं. दूरच्या डोंगरांचा नाद सोडला. त्या धुरकटापुढे कुठलाच फिल्टर चालत नाही.

खालच्या फांद्या एव्हाना हिरवट झाल्या होत्या. त्या फ्रेमबाहेर ठेवल्या.

भाच्याचा लगेच मेसेज: "मावशी, ठाण्यात मेपल कुठून आणलास?"