जानेवारीत क्राकोला? तुम्ही विचारलंत म्हणून

पोलंडमधल्या क्राको शहरातून परत येऊन दोन वर्षं झाली, पण भिशीत असो की कुणाच्या बारशात, एक प्रश्न ठरलेला. "एवढे पैसे घालून युरोपात गेलात, ते जानेवारीत? मे महिना कुठं पळून चालला होता?" मी हसून "तिकीट स्वस्त पडलं" म्हणते. ते खोटंही नाही. मुलगी तिथं नोकरीला आहे, राहायचा खर्च नव्हता आणि जानेवारीत विमानाचं तिकीट खरंच बरंच उतरलेलं असतं. परवा मात्र भाचेसुनेनं फार खोदून विचारलं. तिलाही जायचंय, आणि उन्हाळ्यात जावं की थंडीत हे ठरत नाही. म्हणून आता जरा बैजवार लिहिते.

सुरुवात आईपासून करावी लागेल. आईचं माहेर उचगावचं, कोल्हापूरच्या कुशीतलं. शेजारी वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, त्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडं, कझाकस्तानात नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती आमच्या मुलखात आली. (आज जिथं आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर म्हणजे तीच जागा. पोलिश गेले आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले.) माझे आजोबा त्या कँपात दूध घालायचे. आई सात-आठ वर्षांची, किटली धरून मागं मागं जायची. एकदा एक बाई गादीतला कापूस उन्हात पिंजत बसली होती. आईनं खुणेनं विचारलं, तुमच्या गावात काय असतं? बाईनं मूठभर कापूस उचलला, आईच्या डोक्यावर उंच धरला आणि थोडा थोडा सोडला. मग दोन्ही हात दंडाला चोळून कुडकुडून दाखवलं.

आईनं ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की पोलंड म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं उन्हाळा यायचाच नाही. आता खरं सांगायचं तर वळिवड्याच्या लोकांचा क्राकोशी थेट संबंध नव्हता. त्यातले बरेचसे पूर्वेकडचे, आणि युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं पोलंडमध्ये उरलीच नव्हती. पण माझी मुलगी क्राकोत होती, तेव्हा माझं पोलंड तेच. तिथले लोक 'क्राकुफ' म्हणतात. मी शेवटपर्यंत क्राकोच म्हणत राहिले.

पहिल्या दिवशी उणे नऊ होतं. आमच्याकडं पंधरावर आलं की लोक कानटोपी काढतात, त्यामुळं उणे नऊचा मला अंदाजच नव्हता. स्वेटरांची तयारी केली होती, बुटांची नव्हती. इथल्या एका दुकानदारानं "ताई, हे बर्फात चालतात" म्हणून जाळीचे स्पोर्ट शूज गळ्यात मारले होते. दहा मिनिटांत बोटं बधिर. त्यात रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं, ते पाणी जाळीतून आत. संध्याकाळी बुटांवर पांढऱ्या रेघा उठल्या, मिठागरातून आल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी लेकीनं जाड तळव्याचे, आतून लोकर लावलेले बूट घेऊन दिले. भाचेसूनबाई, बाकी काही नाही केलंस तरी चालेल, बूट तिथं जाऊन घे. आणि चालताना पावलं लहान टाक, बदकासारखी.

बर्फ पडला तो तिसऱ्या दिवशी. कापूस कसला, बारीक रवा! अंगावरून नुसता झटकला की जायचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग त्या बाईनं कापूस का दाखवला?" तिचं बरोबर होतं, कारण पुढच्या आठवड्यात पारा शून्याच्या आसपास आला आणि खरोखर कापूस पडला, मोठे मोठे ओलसर पुंजके. कडक थंडीत बर्फ कोरडा आणि बारीक पडतो, शून्याजवळ आला की कण एकमेकांना चिकटतात. लेक म्हणाली, तिथल्या पोरांनाही दुसराच बर्फ लागतो, रव्याचा गोळा वळत नाही.

आता मुख्य उत्तर. उन्हाळ्यात लोक हे शहर बाहेरून बघतात. मधल्या चौकात, रिनेकमध्ये, खुर्च्या मांडलेल्या, छत्र्या, बग्ग्या, लग्नाआधी दारू प्यायला आलेली इंग्लंडची टोळकी. लेकीनंच सांगितलं, जुलैत ती स्वतः तिकडं फिरकत नाही. चौक आहे मात्र जबरदस्त. १२५७ मध्ये शहर नव्यानं आखलं तेव्हाचा, साधारण दोनशे मीटर लांब, तेवढाच रुंद, मध्ये कापडबाजाराची लांबलचक जुनी इमारत. जानेवारीत सकाळी आठला तिथं आम्ही दोघी, एक बर्फ लोटणारी गाडी आणि कबुतरं. पाच मिनिटं बघितलं. सहाव्या मिनिटाला थंडीनं दार शोधायला लावलं.

क्राकोचा हिवाळा म्हणजे असा एका दारातून दुसऱ्या दारात. जड लाकडी दार, त्याच्या आत बऱ्याचदा जाड पडदा, आणि पडदा सारला की एकदम ऊब, ओल्या लोकरीचा वास, माणसं. आत शिरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे कोट काढून देणं. संग्रहालय असो, नाटकाचं थिएटर असो, खाली कोट ठेवायची खोली असते, 'शात्न्या' म्हणतात तिला, आणि बहुधा एखादी वयस्क बाई ती सांभाळते. माझं जॅकेट तिनं घेतलं, कॉलरपाशी चाचपलं, उलटं केलं, परत चाचपलं. मग भराभर पोलिशमध्ये बोलायला लागली. मला वाटलं चुकीच्या रांगेत आलेय. लेक हसायला लागली. जॅकेट खुंटीला अडकवायची जी बारीक नाडी असते ना मानेपाशी, ती माझ्या जॅकेटची तुटलेली होती, आणि ती तशीच तुटकी घेऊन मी, या वयाची बाई, घराबाहेर पडले होते. बिल्ला दिला तिनं, पण असा दिला की रात्री घरी जाऊन पहिली नाडी शिवली. दोन दिवसांनी मुद्दाम त्याच संग्रहालयात गेले. तिनं चाचपून बघितलं, काही बोलली नाही.

मरियाच्या चर्चमध्ये लाकडाची एक प्रचंड वेदी आहे, तेरा मीटरच्या आसपास उंच, लिंडनच्या लाकडात कोरलेली, १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं चाललेलं काम. फाइट श्टॉस नावाच्या जर्मन कारागिराचं. युद्धात नाझींनी ती जर्मनीला नेली होती, १९४६ मध्ये परत आली. दुपारी बाराच्या जरा आधी एक नन येऊन तिची दोन्हीकडची दारं उघडते. उन्हाळ्यात म्हणे यासाठी रेटारेटी होते. आम्ही पहिल्या बाकावर होतो. मधोमध मरियाचा मृत्यू आहे, पण ती पलंगावर निजलेली नाही, गुडघ्यांवर खचतेय आणि एकानं तिला धरलंय. भोवतीच्या म्हाताऱ्यांच्या हातांवरच्या शिरा दिसतात. शेतात राबलेल्या माणसाचे असतात तसले हात. मी धार्मिक बाई नाही, पण अर्धा तास उठले नाही, आणि तो काही फक्त आतल्या उबेचा परिणाम नव्हता.

आणि शोप्का! हे फक्त हिवाळ्यातच. ख्रिस्तजन्माचा देखावा सगळीकडंच करतात, पण क्राकोत तो या शहराच्याच चर्चांच्या, मनोऱ्यांच्या आकारात करतात आणि वरून सगळा चॉकलेटच्या चांदीसारख्या रंगीत, चमकत्या कागदांनी मढवतात. १९३७ पासून त्याची स्पर्धा आहे. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी लोक आपापल्या शोप्का घेऊन चौकात पुतळ्यापाशी येतात, मग त्या संग्रहालयात मांडतात. २०१८ मध्ये युनेस्कोनं ही कला आपल्या यादीत घेतली. काचेपलीकडं माणसापेक्षा उंच शोप्का होत्या, आणि एका कोपऱ्यात शाळकरी पोरांच्या. एका पोराच्या मनोऱ्याला डिंक जास्त झालेला, कागद सुरकुतलेला. मला थेट दिवाळीतला आमचा किल्ला आठवला. पन्हाळा करायला घ्यायचो आणि चिखलाचा ढीग व्हायचा तो.

खाण्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर भिशीवाल्या सोडणार नाहीत. तिथंही तांबडा-पांढरा आहे. तांबडा म्हणजे बार्श्च, बीटाचं कढण. पेल्यातून पितात, दिसायला अस्सल, तिखटाचा पत्ता नाही. पांढरा म्हणजे झुरेक. तो मात्र मला पहिल्याच घोटात ओळखीचा लागला. राईचं, म्हणजे त्या गव्हासारख्या धान्याचं, पीठ पाण्यात आंबवून त्याचं सार करतात. आंबीलच ती! फक्त आत उकडलेलं अंडं आणि सॉसेज. 'बार म्लेच्नी' नावाच्या साध्या खानावळी असतात, जुन्या कम्युनिस्ट राजवटीतल्या, तिथं हे स्वस्तात मिळतं. आपलं ताट आपण न्यायचं, उष्टं आपण ठेवायचं. गरम वाइनही प्याले. त्यावर जास्त लिहीत नाही, आई हे वाचून घेणार आहे.

आता वाईट बाजू. जानेवारीच्या सुरुवातीला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. दोन वाजताच उजेड उतरायला लागतो आणि नवीन माणसाला उगाच उदास वाटतं. दुसरं म्हणजे हवा. शहर नदीच्या खोलगट खोऱ्यात आहे, वारा पडला की थंड हवा खाली कोंडते आणि धूर वर जात नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून क्राकोत घरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी आहे, त्यानं फरक पडला म्हणतात, पण आसपासच्या गावांतला धूर येतोच. दोन दिवस माझा घसा धरला. दम्याच्या माणसानं हा महिना टाळावाच. वाव्हेलच्या किल्ल्याखालची ड्रॅगनची गुहाही हिवाळ्यात बंद असते. पोरांना घेऊन गेलीस तर भोकाड ऐकायची तयारी ठेव.

थंडी असह्य झाली की जमिनीखाली जायचं. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर व्येलिच्काची मिठाची खाण आहे. वर उणे सात होतं, खाली बारा महिने सतरा-अठरा अंश. आधी लाकडी जिन्यानं ३८० पायऱ्या उतरायच्या. खाणकामगारांनी मिठातच कोरलेलं एक अख्खं देऊळ आहे, शंभर मीटर खोल. जमीन मिठाची, भिंतीवरची चित्रं मिठाची, झुंबराचे लोलकही मिठाचे. १८९६ मध्ये सुरू करून पुढं सत्तरएक वर्षं कोरत होते. भिंत चाटून बघितली. सगळेच बघतात.

ऑशविट्झलाही, नाझींच्या त्या मृत्युछावणीत, गेलो, सत्तरएक किलोमीटरवर आहे. अंगात चार थर आणि ते नवे बूट असताना मला तिथं उघड्यावर वीस मिनिटं धड उभं राहवेना. याहून जास्त त्या दिवसाबद्दल मी लिहू शकत नाही.

तर भाचेसूनबाई, गुडघे धड असतील आणि दमा नसेल तर ६ जानेवारीनंतर जा. त्या दिवशी तीन राजांचा सण असतो. घरांच्या चौकटींवर खडूनं तीन अक्षरं आणि साल लिहिलेलं दिसतं, आपल्या शुभ-लाभासारखं. तो झाला की पाहुणे ओसरतात. आणि फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेव. थंडीनं बॅटरी बसते, माझा फोन चाळीस टक्क्यांवर असताना गप्पकन बंद पडला होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी तो असाच पोटाशी धरून ऊब दिली आणि बाराच्या ठोक्याला चौकात उभी राहून आईला व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात साडेचार, तिचा चहा चालू. मरियाच्या चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, अग्निशमन दलाचा माणूस तुतारी वाजवतो. चार दिशांना चार वेळा, आणि दर वेळी सूर मध्येच तोडतो. दंतकथा अशी की १२४१ मध्ये तातारांची धाड आली तेव्हा पहारेकऱ्यानं इशारा द्यायला तुतारी फुंकली आणि तेवढ्यात त्याच्या गळ्यात बाण लागला. जिथं तो थांबला, तिथंच आजही थांबतात. हे आईला आधी सांगायचं राहूनच गेलं.

फोन वर धरला. आधी घंटा, मग सूर सुरू झाला, चढला आणि तुटला.

"नेट गेलं बघ तुझं," आई म्हणाली.

"नाही गं, थांब."

वरचा माणूस दुसऱ्या खिडकीशी गेला. आता आवाज जरा लांबून आला, पण तोच सूर, आणि पुन्हा तिथंच तुटला. आईनं कप खाली ठेवला आणि तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं.

"परत तिथंच गेलं की गं."