‘राआ’ची वही: दुसरा महिना

गेल्या महिन्यात शब्दांच्या याद्या पाठ करणं सोडलं. त्याऐवजी बायबलच्या हिब्रूतला एकच धातू धरायचा आणि जुन्या करारात तो जिथे जिथे येतो तिथे जाऊन बघायचा, असं ठरवलं. निवडला रेश-आयिन-हे या तीन अक्षरांचा ‘राआ’, म्हणजे चरणे, चारणे, राखणे. दीडशेच्या वर जागा निघाल्या. निम्म्या वाचून झाल्या. उरलेल्यांत पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘रोए’, मेंढपाळ, एवढंच आहे, त्या भराभर उरकतील.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आधी एक सांगतो. आयिनच्या जागी आलेफ असला की धातू ‘पाहणे’ होतो, आणि आजच्या इस्रायली उच्चारात दोन्ही सहसा सारखेच ऐकू येतात. मेंढपाळही ‘रोए’ आणि १ शमुवेल ९:९ मधला द्रष्टाही ‘रोए’. मी ऐकून लिहून घेत होतो, त्यामुळे पहिल्या चार दिवसांच्या कितीतरी ओळी खोडाव्या लागल्या. आता आधी अक्षरं डोळ्यांनी बघतो, मग ऐकतो.

वहीत दोन रकाने आखले होते: चरणे आणि चारणे. आपल्याला ही दोन कामं वेगळीच वाटतात. गाय चरते, गुराखी चारतो. शिवाय तो गुरं राखतो, वळतो. हिब्रूत हे सगळं एका साध्या रूपात बसतं. मिसरचा राजा फारो याच्या स्वप्नातल्या गाई लव्हाळ्यात चरतात (उत्पत्ती ४१:२) तिथे हाच धातू, आणि हाबेल मेंढरं राखतो (४:२) तिथेही हाच. ‘चर’चं ‘चार’ करावं लागत नाही. कर्म आहे का, असलं तर कोणतं, एवढ्यावर अर्थ फिरतो. म्हणून प्रत्येक ओळीपुढे मी एकच प्रश्न लिहितो: इथे खातंय कोण?

या प्रश्नाने सगळ्यात जास्त दिलं ते यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात. सहा दिवस तिथेच होतो. इस्राएलचे मेंढपाळ म्हणजे राज्यकर्ते, आणि आरोप असा की ते ‘रोईम ओताम’, स्वतःलाच चारत आले. मराठीत हे जरा ओढून आणल्यासारखं वाटतं, कारण आपल्या ‘चारणे’ला समोर दुसऱ्याचं तोंड लागतं. हिब्रूत धातूच्या पोटात चरणंही आधीपासून आहेच. संदेष्टा फक्त कर्म बदलतो आणि राखणारा खाणारा होतो. कुंपणानेच शेत खाल्लं, हे आपण पूर्ण वाक्यात सांगतो; तिथे ते एका शब्दात होतं. पुढे १०व्या वचनात देव म्हणतो की मी माझी मेंढरं त्यांच्या तोंडातून सोडवीन. मेंढपाळांच्या तोंडातून! आमोस ३:१२ सोबत ठेवून वाचा: तिथे मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून मेंढराचे दोन पाय किंवा कानाचा तुकडा सोडवून आणतो. ‘सोडवणे’ हा धातू दोन्हीकडे एकच. म्हणजे यहेज्केलने मेंढपाळाला उचलून सिंहाच्या जागी बसवलं आहे. हे सापडलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मग १६व्या वचनात देव स्वतः राखायला उतरतो आणि शेवटचा शब्द येतो, ‘मी त्यांना न्यायाने चारीन’.

स्तोत्र ४९ मध्ये (हिब्रू वचन १५, मराठीत १४) धनवंतांबद्दल ‘मावेत यिर्एम’ आहे. मृत्यू त्यांना राखील, की मृत्यू त्यांच्यावर चरेल? ते मेंढरांसारखे अधोलोकात हाकले जात आहेत, त्यामुळे मेंढपाळ हा अर्थ बसतो. पण यहेज्केल वाचून इथे आलो आणि दुसरा अर्थ मनातून जाईना. दोन्ही रकान्यांत नोंद केली.

उत्पत्ती ३७:२ ची गोष्ट छोटी आहे. १७ वर्षांचा योसेफ ‘रोए एत-एखाव’. ‘एत’ म्हणजे ‘सोबत’, आणि कर्माची खूणही तीच. तो भावांसोबत कळप चारत होता, हेच भाषांतर बरोबर. तरी ‘भावांना चारत होता’ हेही कानावर येतंच, आणि पुढे दुष्काळात तो त्यांना पोसतोच. मात्र ४७:१२ मध्ये पोसण्याचा धातू वेगळा आहे, म्हणून मी हट्ट धरत नाही.

स्तोत्र २:९ वर मात्र माझं मत ठाम आहे. हिब्रूत मुळात व्यंजनंच लिहीत, स्वरांच्या खुणा नंतर लावल्या. त्या स्वरचिन्हं लावलेल्या पाठात ‘तेरोएम’, लोखंडी दंडाने तू त्यांना फोडशील, धातू रेश-आयिन-आयिन. जुन्या ग्रीक भाषांतराने तीच व्यंजनं ‘राआ’ची धरून ‘राखशील’ असं केलं, आणि प्रकटीकरण २:२७ त्याच वाटेने जातं. लगेच पुढे कुंभाराच्या मडक्यासारखा चुरा करणं आहे, म्हणून मी ‘फोडशील’ घेतो. पण दंडाला तिथे ‘शेवेत’ म्हटलंय, आणि स्तोत्र २३ मध्ये धीर देणारी मेंढपाळाची काठीही ‘शेवेत’च आहे. ग्रीक भाषांतरकाराला कळप का दिसला, ते समजतं.

भाऊबंद भाषांत शोधताना एक गोष्ट घरात सापडली. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादीत मेंढपाळ ‘रेऊ’, अरबीत ‘राई’. त्याच अरबी धातूचा ‘रईय्या’ म्हणजे राखलेला कळप, मग राजाची प्रजा, आणि फारसीवाटे आपली ‘रयत’. रयतवारी, रयतेचा राजा हे शब्द लहानपणापासून तोंडात आहेत, आणि त्यांच्या तळाशी मेंढरं आहेत हे आत्ता कळलं. पुन्हा यहेज्केल ३४ काढून ‘मेंढरं’च्या जागी ‘रयत’ घालून मोठ्याने वाचला. एकही वाक्य अडलं नाही.

नीतिसूत्रे १३:२० मधला ‘रोए’ (मूर्खांची सोबत धरणारा) कोशकार वेगळा धातू मानतात, तो आणि होशेय १२च्या आरंभीचा ‘वारा चारणारा’ एफ्राईम पुढच्या महिन्यात. गीतरत्न १:७ अडलं आहे. प्रेयसी प्रियकराला विचारते, ‘एखा तिर्ए’ (कुठे चारतोस, की कुठे चरतोस?), आणि दुपारी कुठे बसवतोस? कर्म दोन्हीकडे नाही. बसवण्याचा धातू मेंढरांना सावलीत बसवण्याचा आहे, म्हणून ‘चारतोस’ घ्यावं. पण २:१६ मध्ये हाच प्रियकर कुमुदांमध्ये ‘रोए’ आहे, आणि तिथे मला तो चरतानाच दिसतो. कुणी ही दोन वचनं एकत्र अभ्यासली असतील तर त्यांचं वाचन मला हवं आहे.