तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं खरंच जुनं आहे का?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारं माणूस चपला काढता काढताच घरातलं सामान बघून विचारतं, "हे सगळं खरंच जुनं आहे का हो?" आणि पाठोपाठ, "कितीला पडलं?" दुसरा प्रश्न मी चहाचं विचारून टाळते. पहिल्याचं उत्तर एकदा नीट देऊन टाकते: नाही. निम्मं जुनं आहे, निम्मं जुन्यासारखं आहे आणि एक वस्तू शुद्ध थाप आहे.

थाप म्हणजे तो पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर घेतला. "मॅडम, सौ साल पुराना पीस है," म्हणत दुकानदाराने चावी दिली, सुई टेकवली, खरखरत एक नाट्यपद सुरू झालं आणि मी विरघळले. घरी आणून पेटी पालथी केली तर तळाला प्लायवूड आणि त्यात फुलीचे स्क्रू! फुलीचा स्क्रू बाजारात आला तोच मुळी १९३० च्या दशकात. नंतर एका जाणकाराने उलगडा केला. बॅगेसारखे बंद होणारे जे जुने ग्रामोफोन असत, त्यांना कर्णा नसायचाच. त्यांचं यंत्र काढून नव्या पेटीत बसवतात आणि वर नवा चकचकीत कर्णा लावतात. म्हणजे आवाज जुना, थाट नवा. परत करायला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

तेव्हापासून वस्तू आधी पालथी करायची, मग भाव विचारायचा. टेबलाचा खण बाहेर काढून त्याच्या खालून बोट फिरवा. हाताने रंधलेली फळी किंचित लाटालाटांची लागते. आणि खणाच्या पाठीला, आतल्या बाजूला पॉलिश नसतंच. पूर्वीचा सुतार न दिसणाऱ्या भागावर लाखेचं पॉलिश कशाला घालवेल? नकली मालाला आतून-बाहेरून चहाचा रंग फासलेला असतो. किडीची भोकंही पाहून घ्या. त्यातून पिठासारखा ताजा भुसा पडत असेल, तर भाडेकरू अजून आत राहतोय.

खिडकीपाशी आहे ती गोल पाठीची खुर्ची मात्र अस्सल. इराण्याच्या हॉटेलात बसून बनमस्का खाल्लेल्यांना ओळख सांगायला नको. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाली. विकणारा म्हणाला, "ताई, सव्वाशे वर्षांची आहे." मी सवयीने उलटी केली. बैठकीच्या कडेला डागून उमटवलेली अक्षरं होती: 'चेकोस्लोव्हाकिया'. तो देशच जन्माला आला १९१८ साली! भाव तिथेच उतरला. पण खुर्ची आली चांगल्या घराण्यातली. मिखाएल टोनेट या कारागिराने लाकूड वाफवून वाकवायचं तंत्र बसवलं आणि १८५९ मध्ये आपली १४ नंबरची खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. इतक्या दूरवर बोटीने पाठवणं परवडलं ते त्यामुळेच. माझीची वेताची जाळी फाटली होती, ती पुन्हा विणून घेतली; विणणाऱ्याने अख्खे दोन दिवस लावले.

जेवणाचं टेबल जुन्यासारखं. लाकूड पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं, काम नवं. खिळ्यांची भोकं सुताराने बुजवली नाहीत आणि "नवीनच आहे" हे स्वतःहून सांगितलं. असं मला चालतं. वाड्याचा दरवाजा आडवा टाकून, वर काच ठेवून केलेला टीपॉय मात्र बघवत नाही. ज्या कडीला हात लावून माणसं आत आली, तिच्यावर बिस्किटांची बशी!

पितळी पातेली शोभेची नाहीत, त्यांत स्वयंपाक होतो. फक्त कल्हई वेळेवर हवी, नाहीतर आमटी कळकते.

शेजारच्या काकूंचं निराळंच. मुलाला न्यू जर्सीला पणजीची समई न्यायची आहे. १९७२ च्या कायद्याने अशी कलाकुसरीची वस्तू १०० वर्षांची झाली की पुरावस्तू ठरते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग घरचीच का असेना. म्हटलं, बॅगेत घालण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्या. काकू गप्पच झाल्या. इतकी वर्षं समई फार जुनी आहे म्हणून मिरवलं, आता ती तितकी जुनी नसावी म्हणून देवाला साकडं.

आणि खुर्ची कितीला पडली ते खरंच विचारू नका. ह्यांना मी वेगळा आकडा सांगितलाय.