डीएस-१६० भरायला खरंच किती वेळ लागतो, ते सरकारला लेखी कळवा

अमेरिकेच्या व्हिसासाठी डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरताना गेल्या पाच वर्षांतले फोन नंबर, ईमेल, सोशल मीडियावरची खाती, फिरलेले देश, सगळं आठवून लिहावं लागतं. मध्ये वीसेक मिनिटं काही टाइप केलं नाही तर पान बंद पडतं आणि सेव्ह न केलेलं वाया जातं. पण या त्रासाची अधिकृत नोंद करून घेणारी एक सोय आहे, ती फार कमी जण वापरतात.

'पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्ट' हा कायदा १९८० चा, १९९५ मध्ये नव्याने लिहिलेला. दहा किंवा जास्त लोकांना एकसारखे प्रश्न विचारायचे तर अमेरिकेच्या केंद्रीय खात्याला राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतल्या ओएमबी या कार्यालयाची मंजुरी लागते. ती एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते आणि मंजूर फॉर्मला नंबर मिळतो. डीएस-१६०चा आहे १४०५-०१८२. मंजुरीआधी लोकांची मतं मागवावीच लागतात: फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात आधी ६० दिवसांची सूचना, मग ३० दिवसांची. सोशल मीडियाचा प्रश्न २०१९ मध्ये फॉर्मवर आला, पण त्याची ६० दिवसांची सूचना मार्च २०१८ मध्येच निघाली होती.

पहिल्या फेरीतलं मत संबंधित खात्याकडे जातं, दुसऱ्या फेरीतलं ओएमबीमधल्या ओआयआरए या विभागाकडे. इथेच बरेच जण चुकतात. पहिल्या फेरीतल्या मतांचा फक्त गोषवारा खातं आपल्या 'सपोर्टिंग स्टेटमेंट'मध्ये, म्हणजे मंजुरीसाठी ओएमबीला दिलेल्या निवेदनात, आठव्या प्रश्नाखाली देतं. म्हणून मुद्दा महत्त्वाचा असेल तर ३० दिवसांच्या फेरीत तो पुन्हा पाठवाच.

लिहायचं काय? 'फॉर्म किचकट आहे' एवढं लिहून काहीही हलत नाही. रेगइन्फो डॉट गव्ह या सरकारी साइटवर फॉर्मचा ओएमबी नंबर टाकून ते स्टेटमेंट उघडा आणि बारावा प्रश्न वाचा. एका अर्जाला किती मिनिटं धरली आणि त्याला अर्जदारांच्या संख्येने कसं गुणलं, ते तिथे मांडलेलं असतं. फॉर्मसाठी लागणाऱ्या वेळेच्या कायद्यातल्या व्याख्येत सूचना वाचणं, कागद शोधणं, माहिती जुळवणं हेही येतं, नुसतं टायपिंग नाही. तेव्हा स्वतःचा वेळ तुकड्यातुकड्याने लिहा: सूचना वाचायला २० मिनिटं, जुने पासपोर्ट काढून प्रवासाच्या तारखा लावायला ४०, नाकारला गेलेला फोटो पुन्हा काढायला ३०. समजा अर्जदार सहा लाख आणि प्रत्येकामागे अर्धा तास कमी धरलेला. म्हणजे तीन लाख तास हिशोबातून गळले. असा आकडा समोर आला की तो नजरेआड करणं खात्याला अवघड जातं, कारण अंदाज अचूक आहे का हे कायद्यानेच विचारलेलं आहे.

त्याखाली एक नेमकी दुरुस्तीही सुचवा, उदाहरणार्थ मागच्या अर्जातला प्रवास आपोआप भरला जावा. व्हिसा का नाकारला, हा राग इथे काढू नका. त्या मताला या प्रक्रियेत जागा नाही. एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवण्यापेक्षा पाच जणांनी आपापली मिनिटं लिहिलेली जास्त कामाची.

पासपोर्ट नंबर, केस नंबर, जन्मतारीख अजिबात टाकू नका. मत जसंच्या तसं सगळ्यांना दिसतं. मत नोंदवायच्या रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी साइटवरची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री ११:५९ ला संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाळ्यात ९:२९ आणि हिवाळ्यात १०:२९.