बिलावर उद्याची तारीख

दादरला रानडे रोडजवळच्या गल्लीत माझ्या आत्याचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रिकामा बसलो होतो, तेव्हा तिच्यासाठी बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिला. लिहिला डेबियन १० वर (विंडोजच्या जागी चालणारं एक लिनक्स), आणि ते डेबियन माझ्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. दुकान उघडल्यावर ते तसंच उचलून तिच्या विंडोजमध्ये ठेवलं. तात्पुरतं! ते तात्पुरतं परवापर्यंत चाललं.

रोज सकाळी आत्याने आधी विंडोज चालू करायचं, मग त्याच्या पोटातलं डेबियन. रॅम ४ जीबी, त्यातली २ या पोटातल्या पाहुण्याला. बिलाचा यूएसबी प्रिंटर मधेच विंडोजकडे जाऊन बसायचा, की झाली आरडाओरड. नवरात्राच्या गर्दीत विंडोजला अपडेट सुचलं आणि संध्याकाळी फोन आला, "अरे, त्या पोटातल्याला एकदाचं वेगळं बिऱ्हाड करून दे."

लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं म्हणणारा मला अजून भेटायचाय) एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यात २४० जीबीची नवी एसएसडी टाकली. पोटातल्या डेबियनची अख्खी डिस्क म्हणजे विंडोजमधली एक फाइल, दिसायला ६ जीबीची. तिचं व्हर्च्युअलबॉक्सच्याच व्हीबॉक्समॅनेजने रॉ इमेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या जशाच्या तशा नकलेत, रूपांतर केलं तर झाली पुरी २० जीबी, कारण आता रिकाम्या जागेचीही मोजणी होते. पेनड्राइव्हने ती घ्यायलाच नकार दिला. त्यावरच्या एफएटी३२ या मांडणीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे दर दोन वर्षांनी मी नव्याने शिकतो. शेवटी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली, लाइव्ह लिनक्सने (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) मशीन उठवलं आणि डीडी या कमांडने इमेज एसएसडीवर ओतली. आत्याला डीडी म्हणजे दूरदर्शन. तिला काय सांगू, डिस्कचं एक अक्षर चुकलं तर भलतीच डिस्क साफ होते म्हणून? मी मात्र एलएसबीएलके, म्हणजे डिस्कची यादी, तीनदा बघितलं.

पहिल्या बूटला काळा पडदा. बूट डिव्हाइसच नाही म्हणे. पोटातलं मशीन सुरू व्हायचं जुन्या बायॉसच्या पद्धतीने, हा डेस्कटॉप नव्या यूईएफआय पद्धतीवर. सेटिंगमध्ये लेगसी बूट, म्हणजे जुनी पद्धत, चालू केलं आणि ग्रब (डेबियन सुरू करणारा मेनू) दिसला. पुढचं आश्चर्य वाटावं इतकं सोपं गेलं. डेबियन इनिटरॅमएफएसमध्ये (सुरू होताना लागणाऱ्या शिदोरीत) बहुतेक डिस्क ड्रायव्हर आधीच भरून ठेवतं, आणि कुठली डिस्क जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत डिस्कचं नाव नव्हे, यूयूआयडी हा मशीन बदललं तरी न बदलणारा ओळख क्रमांक होता. प्रिंटर तर लावल्या लावल्या सापडला. मधे कुणी नाहीच आता.

नेट मात्र चालेना. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी०एस३, इथे ईएनपी२एस०. कार्ड बसवर कुठे बसलंय त्यावरून ते पडतं. नेटवर्कच्या सेटिंगच्या इंटरफेसेस फाइलीत जुनंच नाव. म्हटलं, बिलाला नेट कशाला लागतंय, उद्या बघू.

शनिवारी संध्याकाळी पावणेआठला एका बाईंनी बिल हातात घेतलं आणि विचारलं, "काकू, रात्री सव्वा वाजता दुकान उघडं असतं तुमचं?" बिलावर रविवारची तारीख. त्या डेस्कटॉपवर आधी विंडोज होतं आणि विंडोज मदरबोर्डावरच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं. डेबियन तीच वेळ यूटीसी (ग्रिनिचची जागतिक वेळ) समजून त्यात साडेपाच तास मिळवत होतं. नेट असतं तर वेळ आपोआप सुधारली असती. म्हणजे दुपारचा आळस संध्याकाळी बिलावर छापून आला.

फाइलीत नाव बदललं, नेट आलं, वेळ जुळली, एचडब्ल्यूक्लॉक या कमांडने ती बोर्डावरच्या घड्याळातही लिहिली. तोवर नऊ बिलं उद्याच्या तारखेची झाली होती. आत्याने ती सगळी पेनने दुरुस्त केली, प्रत्येकावर सही केली आणि म्हणाली, "ते जुनं पोटातलं पुसू नकोस हं इतक्यात."

पुसलेलं नाही.