कानात नसतानाचा नेकबँड

नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ इअरफोन, घेताना सगळे विचारतात, आवाज कसा आहे. मी विचारते, कानातून काढल्यावर तो कसा वागतो. हसण्यावारी नेऊ नका. माझा नेकबँड दिवसभरात जितका वेळ कानात असतो, त्याहून जास्त वेळ गळ्यात लोंबत असतो, आणि त्याची खरी परीक्षा तिथेच होते.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी बिलिंग आणि डिस्पॅच बघते. टेबल ऑफिसात असलं तरी निम्मं काम पॅकिंगमध्ये: गाठी मोजा, लेबलं तपासा, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावा. एक गाणं सलग ऐकून होईल तर शपथ. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतंच. सुटे इअरबड अशा ठिकाणी आठवडाभर टिकले तर सिद्धरामेश्वरांना नारळ फोडावा लागेल. टॉवेलच्या तुसात पडलेली बारकी वस्तू झाडूबरोबर जाते ती जातेच. म्हणून नेकबँड. बाराशेच्या आसपास पडला. खोक्यावरची किंमत याच्या कितीतरी पट आहे, पण ती कोण देतं? कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले नेकबँड एकमेकांचे चुलतभाऊच असतात, त्यामुळे पुढचं बरंचसं तुमच्याकडच्यालाही लागू पडेल.

आधी गळ्याचं बोलू. दुकानात तो हातात घेऊन हलका वाटतो, पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे बघायला हवं. दोन्ही टोकांच्या नळ्यांत बॅटरी आणि सर्किट असतं. एक टोक जड असेल तर गाठी मोजायला खाली वाकलं की अख्खा पट्टा त्या बाजूला घसरतो. माझा घसरत नाही, मागचा भाग मानेला धरून बसतो. पण एप्रिल लागला, पारा चाळिशीच्या पुढे गेला, की हेच सिलिकॉन मानेला चिकटतं आणि घामोळं उठतं. त्यात ओढणी, मंगळसूत्र आणि दोन वायरी. दुपारी जेवायच्या सुट्टीत या तिघांची गुंतवळ सोडवताना मला बघून पॅकिंगच्या अक्का रोज हसतात. पुरुषांनी लिहिलेल्या एकाही परीक्षणात मंगळसूत्राचा उल्लेख मी वाचलेला नाही. बायकांनो, वायर आखूड असलेलाच घ्या. मान वळवल्यावर ताण पडणार नाही एवढी लांबी पुरे, त्यावरची सगळी लांबी गुंतण्यासाठीच असते.

आता लोहचुंबक. कानातून काढलेली दोन्ही बोंडं छातीवर एकमेकांना चिकटतात, चिकटली की गाणं थांबतं, सोडवली की पुन्हा सुरू. ही सोय मला सगळ्यात जास्त आवडली. कुणी हाक मारली की टक करून चिकटवायचं आणि ‘हं, बोला’. फोन शोधा, स्क्रीन उघडा, काही नाही. घेण्याआधी एवढं मात्र विचारा, की चिकटल्यावर गाणं नुसतं थांबतं की नेकबँडच बंद होतो. काहींमध्ये तो बंद होतो आणि प्रत्येक वेळी ब्लूटूथ नव्याने जोडलं जाईपर्यंत वाट बघावी लागते. दिवसातून इतक्यांदा काढघाल करणाऱ्या माणसाला ते जमायचं नाही.

चुंबकाची दुसरी बाजू टेबलावर कळते. बिलांच्या गठ्ठ्यावर वाकले होते, नंतर बोंड कानात घालायला उचललं तर जाळीला आडवी स्टेपलर पिन चिकटलेली. चमकली म्हणून दिसली. तेव्हापासून घालायच्या आधी अंगठा फिरवायची सवय लागली आहे.

घरी सासऱ्यांना पेसमेकर बसवलेला आहे. मोबाईल आणि चुंबक असलेल्या वस्तू पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवा, असा सल्ला देतात. नेकबँडची बोंडं लोंबतात ती नेमकी छातीवर. त्यामुळे ‘मला दे की गं जरा’ म्हणाले तरी त्यांना तो मिळत नाही. त्यांना हवी असते आकाशवाणी सोलापूर, आणि तिथे नेकबँड तसाही कुचकामी आहे. मोबाईलमधला एफएम रेडिओ वायरवाल्या इअरफोनची वायरच अँटेना म्हणून वापरतो. बिनवायरीचा जोडला तर फोन म्हणतो, आधी हेडफोन लावा. न्यूजऑनएअरच्या अ‍ॅपवरून आकाशवाणी ऐकता येते, पण त्याला इंटरनेट लागतं आणि आवाज थोडा मागून येतो. सासऱ्यांनी जुना वायरचा इअरफोन काढला, झटकला आणि लावला. त्यांचा प्रश्न मिटला.

कारखान्यात मात्र गळ्यातल्या या पट्ट्याने एक काम असं केलं की पैसे तिथेच वसूल झाले. फोन आला की तो थरथरतो. यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो, तिथे रिंग ऐकू येण्याचा प्रश्नच नाही आणि फोन पर्समध्ये. पूर्वी ट्रान्सपोर्टवाल्याचे फोन हुकायचे, गाडी गेटवर उभी आणि मला पत्ता नाही. आता मानेला गुदगुल्या झाल्या की मी दाराकडे निघते. शेडमध्ये जाताना पट्टा कुर्त्याच्या आत आणि वायरी कॉलरखाली. चालत्या मागाजवळ काहीही लोंबतं ठेवायचं नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे.

शेडमध्ये गाणं ऐकायचं नाही, हेही ठरवून टाकलंय. मागांच्या वर आवाज नेला तर तो किती होतो बघा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबलमागे ती वेळ निम्मी होत जाते. ९० वर गेलात तर आठवड्याला जेमतेम चार तास. आमच्याकडच्या जुन्या मागवाल्यांशी बोलताना आपण आपोआप ओरडून बोलतो, ते काय उगीच?

इथेच खोक्यावरच्या ‘ईएनसी’चा खुलासा करते, कारण नवी पेठेतल्या दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘ताई, बाहेरचा आवाजच येणार नाही.’ येतो. ईएनसी माइकसाठी असतं. तुमच्याभोवतीचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानाला शांतता हवी तर ‘एएनसी’ लागतं, त्याचे पैसे वेगळे. माझ्या माइकने पंख्याची घरघर आणि पॅकिंगमधली बडबड बऱ्यापैकी गाळली, मागांपुढे हात टेकले आणि स्कूटरवरच्या वाऱ्यापुढे तर साफ झोपला. स्कूटरवर मी तसंही कानात काही घालत नाही. सात रस्त्याला हॉर्न ऐकू आलेलाच बरा. ओढणी माइकवर घासली की समोरच्याला कागद चुरगाळल्यासारखं ऐकू येतं, तेवढं सांभाळायचं.

फोनवर बोलताना आवाज एकदम पातळ होतो, म्हणून नेकबँड खराब समजू नका. गाण्यासाठी ब्लूटूथ एक पद्धत वापरतं आणि माइक चालू झाला की दुसरी. त्या दुसरीत आवाज साधा, एकाच वाहिनीचा असतो. फोन ठेवला की गाणं पूर्ववत.

आता आवाज. परीक्षणवाले कुठली कुठली इंग्रजी गाणी लावून तपासतात. मी माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलेली जानेवारीतली गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची, मिरवणूक लावली. हलगी, सनई, नंदीध्वजांबरोबर चाललेला जयघोष. मी तिथे उभी होते, त्यामुळे ते कसं ऐकू यायला हवं हे मला ठाऊक आहे. मोबाईलचा माइक हलगीला पुरा पडत नाही, ते सोडून द्या. नेकबँडवर पहिल्यांदा ऐकलं तर हलगीचा ढोल झालेला. हलगीची ती कोरडी, कानशिलात बसणारी तडतड गायब आणि खाली नुसता गुबगुबीत धप्प-धप्प. या किमतीत सगळ्यांनाच बेस भरपूर लागतो असं कंपन्यांनी ठरवून टाकलंय. अ‍ॅपच्या इक्वलायझरमध्ये खालचा भाग उतरवला आणि वरचा थोडा चढवला, तेव्हा हलगी परत आली. सनई मात्र जरा नाकात बोलते ती बोलतेच. ख्यालात तानपुरा मागे झाकला जातो, गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो. कीर्तन, बातम्या, गोष्टी ऐकायला उत्तम.

कुठलाही निष्कर्ष काढायच्या आधी रबरी टोप्या बदलून बघा. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक जण लावलेली मध्यम जोडीच आयुष्यभर वापरतात. बोंड बोटाने हलकेच आत दाबलं आणि बेस एकदम वाढला, तर टोपी सैल आहे. माझ्या डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मध्यम लागते. दोन्हीकडे सारखीच हवी असा काही नियम नाही.

पाण्याविषयी खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ लिहिलंय. म्हणजे शिंतोडे चालतील. यातला ४ पाण्याचा. त्याआधीचा आकडा धुळीचा असतो, आणि तिथे ‘एक्स’ आहे म्हणजे धुळीचं मानांकनच नाही. आमच्याकडे तर हवेतच तूस! काही दिवसांनी उजवीकडचा आवाज बसला. दिव्याखाली धरून पाहिलं तर जाळीवर पांढरी साय आलेली, तूस आणि कानातला मळ मिळून. टोपी काढली, जाळी जमिनीकडे केली आणि मऊ कोरड्या टूथब्रशने झटकली. आवाज आला. पाणी नाही, टाचणी तर अजिबात नाही. जाळी आत गेली तर संपलं.

पॅकिंगमधल्या एका अक्कांनी त्या दिवशी विचारलं, ‘काय ऐकूलालीस गं एवढं?’ काही ऐकत नव्हते, नुसती बोंडं कानात होती. कधीकधी तेवढंही पुरतं, लोक थोडे कमी हाका मारतात.

बॅटरीचे खोक्यावरचे ४० तास मध्यम आवाजावरचे असतात. माझं आठवड्यातून दोन चार्जिंगवर भागतं, तक्रार नाही. मे महिन्यात तो स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका, लिथियमच्या बॅटरीला ती भट्टी मानवत नाही. व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळतात, गेममध्ये मागेपुढे होतात असं घरातला छोटा खेळाडू सांगतो.

हे नेकबँड बहुतेक मरतात ते वायर जिथे नळीत शिरते त्या जागी. तिथे मऊ रबरी गळपट्टी आहे का, हे दुकानातच बघा आणि काढताना वायर न ओढता बोंड धरून काढा. बिलावर तारीख आणि शिक्का मारून घ्या. आणि दुकानदाराला सांगून पाच मिनिटं नुसता गळ्यात घालून उभ्या राहा, वाका, मान वळवा, ओढणी नीट करा. घालू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा, नवी पेठेत मोबाईलच्या दुकानांना काय तोटा आहे?