मूठ

नळस्टॉपला लाल दिवा असतानाही मागचा बाईकवाला हॉर्न दाबत होता, मग शेजारी येऊन थांबला आणि थेट आईवरून शिवी घातली.

मी काही बोललो नाही. पण मागे बसलेली लेक हळूच म्हणाली, "बाबा, मूठ का वळलीस? त्याने मारलं कुठंय अजून?"

खाली बघितलं तर खरंच. ब्रेकवरचा हात सुटलेला, अंगठा बाहेरून बोटांवर दाबलेला, मनगट सरळ, क्लासमध्ये शिकवतात अगदी तशी मूठ. मी वळली नव्हती, ती आपोआप वळली होती, आणि हेच दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

आम्ही दोघं कराटेच्या क्लासवरूनच येत होतो, तिचा ऑरेंज बेल्ट, माझा ब्राउन. हेइआन मालिकेतले पाचही काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, ब्लॉकने, म्हणजे वार अडवण्यानेच सुरू होतात हे मला तोंडपाठ आहे. कराटेत पहिला वार नसतो, असं शोतोकान ही कराटेची शैली सुरू करणारे गिचिन फुनाकोशी सांगायचे. जपानमध्ये कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरात त्यांच्या स्मारकावर हेच वाक्य कोरलंय. एवढं सगळं माहीत असून माझा हात मात्र पहिल्या वाराच्याच तयारीत होता.

सेल्फ डिफेन्स म्हटलं की आपण पोरींना मूठ वळायला शिकवतो, शिकवायलाच हवं, मीच तिला क्लासला घातलं. पण वळलेली मूठ सोडायची कशी, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल तर सांगा ना, हे कसं शिकवता?